आहारतज्ज्ञांची भेट मिळवताना: माझा अनुभव

आईला सीओपीडी आहे, म्हणजे श्वासाच्या नळ्या आखडून धाप लागणारा फुप्फुसांचा जुनाट आजार. विडी-तंबाखूचा संबंध नाही, दिंडोरीकडच्या घरात जन्मभर चुलीच्या धुरात बसली त्याची ही भेट. एक्स-रे, फुंकायची तपासणी, इनहेलर हे सगळं नाशिकला आणल्यावर सुरळीत झालं. डोकं फिरलं ते पुढे.

तिच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या होत्या. चार घास खाल्ले की धाप, मग ताट बाजूला. "वय झालं, माणूस सुकणारच," असं येणारा-जाणारा म्हणायचा. मला ते पटत नव्हतं. या आजारात नुसता श्वास घ्यायलाच जास्त ताकद लागते, खाणं मात्र घटतं. मग स्नायू झिजतात, श्वासाचे स्नायूसुद्धा.

छातीच्या ओपीडीत वजनकाटा होता, पण त्यावर फायलींचा गठ्ठा. डॉक्टर म्हणाले, "चांगलंचुंगलं खाऊ घाला." कागदावर काहीच नाही. आहारतज्ज्ञांच्या खोलीबाहेरच्या बाईंनी केस पेपर परत केला: "ताई, ॲडमिट पेशंट असेल तरच, नाहीतर रेफर लिहून आणा." परत रांग. सही मिळाली. तर म्हणे, सही आहे पण 'आहार सल्ला' कुठे लिहिलंय? ते लिहून आणेपर्यंत एक वाजला, आणि मॅडम एकपर्यंतच. आई बाकावर धापा टाकतेय, आणि मी दोन मजल्यांमध्ये कागद नाचवतेय! वर त्या बाईंनी समजूत म्हणून एक छापील तक्ता दिला: तेल-तूप कमी, भात कमी, गोड बंद. 39 किलोच्या बाईला! तो मी तिथेच परत ठेवला.

शेवटी घरी बसून हिशेब केला. मोतीबिंदूच्या कागदावर सहा महिन्यांपूर्वीचं वजन सापडलं, 44 किलो. म्हणजे दहा टक्क्यांहून जास्त घट. उंची 150 सेंटीमीटर, बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) साधारण 17.3. कुपोषणाचा धोका मोजायची 'मस्ट' नावाची पद्धत आहे. तिच्यात 18.5 च्या खालच्या बीएमआयला 2 गुण आणि अशा घटीला आणखी 2. दोन गुणांनाच धोका जास्त धरतात, आईचे चार झाले. हा कागद मी डॉक्टरांसमोर ठेवला. त्यांनी वाचला आणि स्वतः फोन लावला. मला त्या क्षणी फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू!

मॅडम मात्र चांगल्या निघाल्या. पोट तुडुंब भरलं की श्वासाला जागा कमी पडते, म्हणून दिवसातून सहा वेळा थोडं थोडं खायला द्या म्हणाल्या. नागलीची खीर, दाण्याचा लाडू, अंडं, वरणावर तूप. प्रथिनं रोज 50 ग्रॅमच्या आसपास. आईचे सोमवार आणि चतुर्थी त्यांनी मोडायला लावल्या नाहीत, फक्त नुसत्या साबुदाण्यावर भागवू नका, दूध आणि दाण्याची आमटी घ्या, एवढंच सांगितलं. ते आईनेही ऐकलं.

जेवणाआधी थोडं टेकू द्या. पाणी जेवताना कमी, नंतर जास्त. जुने कागद टाकू नका, कुठल्याही दवाखान्यात लिहिलेलं वजन उपयोगी पडतं. वजन दर महिन्याला एकाच काट्यावर करा, आम्ही कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये करतो. आणि स्टेरॉइडचा इनहेलर घेतल्यावर चूळ भरायला लावा. तोंड आलं की आहे तो घासही जात नाही.