बॉनी डूनच्या वाळूतला सायप्रस

कॅलिफोर्नियातल्या सांताक्रूझला जाऊन रेडवुड वृक्ष सगळेच बघतात. आम्हीही बघितले, भव्यच आहेत. पण पुणेकर आत्याला मला दाखवायचं होतं ते त्याच डोंगरातलं दुसरं झाड, सांताक्रूझ सायप्रस. जगात फक्त या पर्वतरांगेत, पाचच ठिकाणी ते आपणहून उगवतं. त्यातलं एक बॉनी डून.

गाडी लावून आत शिरलो आणि पायाखाली पांढुरकी वाळू! समुद्र तर मैलोगणती लांब. कोट्यवधी वर्षांपूर्वी इथे समुद्राचा तळ होता, त्याची ही वाळू. पाणी धरत नाही, कस नाही. रेडवुडचा इथे निभाव लागत नाही, सायप्रसचा लागतो.

"अगं, हे तर जळकं रान. एवढ्या लांब हे बघायला आणलंस?" आत्या म्हणाली.

मी तिला एक फांदी जवळून दाखवली. तिच्यावर सुपारीएवढे तपकिरी शंकू. आत्याने एक चाचपला, नख लावून बघितलं. खवले घट्ट मिटलेले. असे शंकू वर्षानुवर्षं झाडावर बंदच राहतात. वणव्याच्या धगीने खवले उघडतात आणि बिया मोकळ्या झालेल्या, उन्हातल्या जमिनीवर पडतात. २००८ च्या वणव्यात इथलं बरंच रान जळलं, आणि मग त्याच जागी रोपं उठली.

आत्या कितीतरी वेळ वाकून बघत होती. मग म्हणाली, "म्हणजे आग लागलेली बरी की वाईट?"

तिने नेमकं दुखणं विचारलं. वणवाच आला नाही तर जुनी झाडं वठतात आणि खाली नवं काही येत नाही. लवकर दुसरा आला तर रोपांना शंकू धरण्याआधीच ती जळून जातात. २०२० च्या ऑगस्टमध्ये विजा पडून याच डोंगरांत ८६ हजार एकर पेटलं होतं. असे वणवे पाठोपाठ आले तर या झाडाचं कठीण आहे. १९८७ मध्ये ते संकटग्रस्तांच्या यादीत गेलं, २०१६ मध्ये धोक्याची पातळी एक पायरी खाली आली. मला एवढ्याने धीर येत नाही.

संताप आला तो परतताना. चार-पाच जण पायवाट सोडून, फोटोसाठी थेट कोवळ्या रोपांत उभे. मी सांगितल्यावर बाजूला झाले, पण वाळूत बोटभर उंचीची रोपं आडवी झाली होती. इथे जाणार असाल तर कृपा करून वाटेवरूनच चाला, आणि शंकू खिशात घालू नका. तिथे ना कठडा आहे, ना कुणी राखणदार.