कणकुंबीच्या खाचरात सोडलेला माइक

बेळगावहून जांबोटीमार्गे कणकुंबीला पोचलो तेव्हा सप्टेंबर सरत आला होता. पावसाने उघडीप दिलेली, भात पोटरीला आलेलं आणि खाचरांत वीतभर पाणी. लोक इथे मलप्रभेचा उगम पाहायला येतात. आम्हाला पाण्याखालचं ऐकायचं होतं.

माइक घरीच बनवलेले. २७ मिलिमीटरची पितळी पिएझो चकती (कंपनांचे विजेचे संकेत करते ती), तीन मीटर शिल्डेड वायर, एक जॅक, बस्स. वायरची आतली तार चकतीच्या मधल्या पांढऱ्या भागाला, बाहेरची जाळी पितळी कडेला. पांढऱ्या भागावर सोल्डरिंगचं टोक दोन सेकंदांपेक्षा जास्त टेकवलं की वरचा चांदीचा मुलामा उचलला जातो आणि चकती वाया जाते. वरून एपॉक्सी या घट्ट होणाऱ्या चिकट लेपाचे दोन हात. पहिला पुरता वाळल्यावरच दुसरा. पाणी शिरतं ते बहुधा वायर बाहेर पडते तिथून, म्हणून वायरचाही दोन सेंटीमीटर भाग लेपात घ्यायचा. चकती थेट रेकॉर्डरला जोडली तर आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा पातळ येतो. चकतीचा इम्पीडन्स, म्हणजे विजेच्या संकेताला होणारा अडथळा, फार जास्त, रेकॉर्डरच्या इनपुटचा काही हजार ओहमच. त्यात खर्ज मरतो. मध्ये एक मेगाओहम (दहा लाख ओहम) इनपुटचा प्रीअँप, म्हणजे संकेत आधी वाढवून देणारी डबी, हवाच.

शेतमालकाला विचारल्याशिवाय बांध उतरायचा नाही. माइक तळाच्या चिखलाला टेकू न देता काठीला बांधून पाण्याच्या मधोमध लोंबता ठेवायचा आणि दहा मिनिटं हलायचं नाही.

सकाळी सातला खाचर जवळजवळ मुकं. ऊन थेट पाण्यावर आलं तशी टिकटिक सुरू झाली, मग टिकटिकीची माळच. पाण्यातल्या शेवाळावरून आणि पानांवरून प्राणवायूचे बुडबुडे सुटतात, त्यांचा हा आवाज. ढग आला की माळ विरळ होते. म्हणजे इथे प्रकाशसंश्लेषण कानांनी ऐकू येतं! "मामा, जरा कानाला लावा," म्हणून हेडफोन दिल्यावर शेतमालक म्हणाले, "पाणी शिजायलंय की हे!" याहून नेमकं वर्णन आम्हाला सुचलेलं नाही.

बुडबुड्यांच्या मागे एक बारीक, खरखरीत सूर होता. ढेकणाच्या नात्यातले पाणकिडे अंग घासून असा आवाज काढतात. युरोपातला दोन मिलिमीटरचा असाच एक किडा ९९.२ डेसिबलपर्यंत जातो, हे २०११ साली प्रसिद्ध झालं. चोर्ला घाटाकडे जाणारा ट्रक बांधावर स्पष्ट ऐकू येत होता, हेडफोनमध्ये मात्र फारसा नाही. खर्जातले आवाज उथळ पाण्यात लांब जात नाहीत. असलं खाचर म्हणजे आयता स्टुडिओ.

मातीखालचं ऐकायला, म्हणजे वाळवीच्या वारुळासाठी, चकतीची पितळी बाजू सहा इंची खिळ्याच्या डोक्याला चिकटवली. हळदकुंकू वाहिलेल्या वारुळाला हात लावायचा नाही. इतर ठिकाणीही खिळा वारुळात न ठोकता शेजारच्या ओल्या मातीत दाबायचा. पावलाचा धक्का बसला की आतून भराभर ठोके येतात. वाळवीचे शिपाई डोकं आपटून धोक्याचा इशारा देतात तो हा. खिळा कोरड्या मातीत सैल बसला तर नुसती खसखस येते.

जवळच्या भीमगड अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय जायचं नाही. तिथल्या बारापेडे गुहेची वाट आम्ही घेतलीच नाही; तिथली वटवाघळं दुर्मिळ आहेत, त्यांना निवांत राहू द्यावं.

पानाला चिमटे लावून 'झाडाचं संगीत' ऐकवणारी यंत्रं हल्ली मिळतात. ती पानातल्या विद्युतवहनाचे चढउतार मोजतात हे खरं, पण सूर आणि वाद्य निवडतं यंत्र. ती कला जरूर आहे, पण झाडाचा आवाज तो नव्हे. आम्हाला खाचरातलं आहे तसंच ऐकवायचं होतं, म्हणून २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ या चांगल्या दर्जावर रेकॉर्ड केलं, काही मिसळलं नाही. प्रत्येक फाइलच्या सुरुवातीला जागा, वेळ, पाण्याची खोली आणि आभाळ कसं आहे ते तोंडाने बोलून ठेवलं. ऐकवताना एका वेळी दोघांनाच, हेडफोनवर. स्पीकर लावला तर ती टिकटिक छताच्या पंख्यातच बुडून जाते.