शाळेचा पट, खिचडी आणि सहीपुरते नवरे

यंदा पहिलीला अकरा पोरं आली. बाहेरच्यांना वाटेल यात काय एवढं, पण ज्यांची मुलं झेडपीच्या शाळेत आहेत त्यांना विचारा, जूनमधे गावात दुसरा विषयच नसतो. कोणाचं पोर पिवळ्या गाडीत बसून इंग्लिश मीडियमला गेलं, कोणाचं परत आलं, कोणाची आई अजून "बघू" म्हणतेय. आमच्याकडे तिसरीत दोन जण परत आलेत. एकाचे वडील सरळ म्हणाले फी झेपत नाही, दुसऱ्याची आई म्हणाली याला तिथलं काही कळायचंच नाही, नुसतं घोकून यायचा. बाईंनी दोघांनाही काही न विचारता वर्गात बसवलं, बरं केलं.

प्रवेशोत्सव नेहमीसारखाच, फुगे, फुलं, ट्रॅक्टरमधून मिरवणूक, आणि निम्मी पहिली रडतेय. पुस्तकं पहिल्या दिवशी हातात पडली. गणवेशाची मापं घेऊन झालीत, ड्रेस येईल तेव्हा येईल.

त्यापेक्षा मला शाळापूर्व तयारीचा मेळावा जास्त आवडतो, पहिले पाऊल म्हणतात तो. सात स्टॉल असतात आणि पहिलीत येणारं पोर आईचं बोट धरून एकेका टेबलावर जातं. पहिल्या टेबलावर नाव नोंदवायचं, मग उड्या मारणं, चेंडू फेकणं, मग वस्तूंचे गट करायचे, चित्र बघून बोलायचं, मोजायचं, आणि शेवटच्या टेबलावर आईला सांगतात की घरी काय काय करून घ्या. सगळ्याची नोंद एका कार्डावर होते. यात पास नापास काही नसतं, तरी आया मागून कुजबुजत उत्तरं सांगतातच. यंदा एका पोराला बटणं, खडे आणि बिया वेगळ्या करायला दिल्या तर त्याने सगळ्यात आधी बिया खिशात घातल्या. विचारलं तर म्हणतो, लावायच्यात. आता याला कार्डावर कितवा रकाना द्यायचा सांगा.

आता पट. शाळा पहिली ते चौथी, पट सध्या ६३. आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या तक्त्यात ६० पर्यंत दोन शिक्षक आणि ६१ ते ९० ला तीन असं आहे, राज्याचे संचमान्यतेचे, म्हणजे कुठल्या शाळेला किती शिक्षक मंजूर करायचे त्याचे नियम अधूनमधून बदलतात ते वेगळंच, पण आमच्या सरांच्या डोक्यात ६१ हा आकडा पक्का बसलाय. सध्या तीन शिक्षक आहेत आणि तिसरं पद टिकवायचंय. दोन शिक्षकांवर चार वर्ग म्हणजे काय हे ज्यांनी बघितलंय त्यांना सांगायला नको, एका भिंतीला दुसरीची वजाबाकी आणि दुसऱ्या भिंतीला चौथीचा परिसर अभ्यास, आणि त्यात केंद्रावर मीटिंग लागली की एकच माणूस चारही वर्गांना. ३० सप्टेंबरचा पट धरतात. आणि नुसती पोरं वर्गात बसून चालत नाही, आधार व्हॅलिड पाहिजे. पोर रोज येतंय, कविता म्हणतंय, खिचडी खातंय, पण आधारवर नावात एक अक्षर इकडचं तिकडे असेल तर संचमान्यतेत ते मोजलंच जात नाही. पहिलीवाल्यांचा तर वेगळाच घोळ, लहानपणी काढलेल्या बाल आधारला बोटांचे ठसे नसतात, पाच वर्षांचं झालं की अपडेट करावं लागतं आणि ते कोणीही केलेलं नसतं. सध्या चार मुलं अडकलीत, म्हणजे ६३ चे झाले ५९. त्यातली दोघं बाहेरच्या राज्यातून कामाला आलेल्या कुटुंबातली, त्यांच्या घरी जन्मदाखला सापडत नाही. म्हणून सध्या सर शनिवारी शाळा सुटली की मुलांना घेऊन तालुक्याला, रांगेत. याला अध्यापन म्हणायचं का मला माहीत नाही, पण माझ्या मते सध्या शाळेत चाललेलं सगळ्यात महत्त्वाचं काम हेच आहे, आणि त्याचा फोटो कोणी टाकत नाही.

आता जे मुद्दाम लिहायला बसले ते. शाळा व्यवस्थापन समिती नवीन झाली. दर दोन वर्षांनी पालकसभेत निवडतात. कायद्याने समितीत तीन चतुर्थांश पालक पाहिजेत आणि निम्म्या बायका. अध्यक्ष पालकांमधूनच, मुख्याध्यापक सदस्य सचिव. कागदावर आमचं सगळं चोख आहे. अध्यक्षपद यंदा एका ताईंकडे गेलं, टाळ्या झाल्या, हार झाला, आणि पहिल्या बैठकीला आले त्यांचे मिस्टर. म्हणाले तिला शेतात काम आहे, रजिस्टर द्या सही घरून आणतो. अजून दोन खुर्च्यांवर असेच दोन मिस्टर. मग मी बोलले, की भाऊ राग मानू नका, पण निवड वहिनींची झालीय, तुम्ही बसा, ऐका, पण ठराव त्या असल्याशिवाय नको. जरा शांतता झाली. एक जण म्हणाला बायकांना त्यातलं काय कळतंय. त्यावर आमच्या खिचडीवाल्या मावशी दारातून म्हणाल्या, तांदळाचं पोतं किती दिवस पुरतं सांगा बरं दादा. विषय तिथेच संपला.

आणि बैठक पुढे ढकलून संध्याकाळी सहाला ठेवली, तर त्या ताई आल्या की! वेळ दुपारची ठेवायची आणि मग बायका येत नाहीत म्हणून बोंबलायचं, असं चाललं होतं इतकी वर्षं. त्यांनी आल्या आल्या विचारलं की मुलींच्या संडासाला कडी का नाही. तीन अध्यक्ष होऊन गेले, सगळे पुरुष, कंपाउंडवर आणि कमानीवर तासन्‌तास बोलले, कडी कोणाला दिसली नाही. दुसऱ्या दिवशी बसली. शाळा विकास आराखडा करायचा अधिकार समितीला आहे हेही बऱ्याच जणांना त्या दिवशी कळलं, तोवर सगळ्यांना वाटायचं समिती म्हणजे १५ ऑगस्टला खाऊ कोणी आणायचा हे ठरवायला.

खिचडीचं पण सांगते. पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला १०० ग्रॅम तांदूळ, आहार ४५० कॅलरीचा आणि १२ ग्रॅम प्रोटीनचा असं प्रमाण ठरलंय, आणि मुलांना वाढायच्या आधी मोठ्या माणसाने चव घेऊन रजिस्टरला लिहायचं असतं. आमचं रजिस्टर उघडलं तर पानंच्या पानं "चव चांगली", एकाच पेनाने, एकाच अक्षरात. आता आम्ही पाळी लावलीय, रोज एक आई. परवा एकीने लिहिलं "मीठ कमी, डाळ पातळ", तर सर दचकले, साहेब बघतील म्हणे. बघू देत ना. मावशींना राग आला नाही, त्या म्हणाल्या डाळच कमी आली तर मी घट्ट कुठून करू, आणि ते खरंच निघालं, साठा तपासला तर मालच कमी उतरलेला. आता पोती मोजून घेतो. मावशींचं मानधन मात्र अजून आलेलं नाही, ते कोणाच्या रजिस्टरला लिहायचं ते शोधतोय.

बाकी किरकोळ. शनिवारी दप्तर नसतं, त्यामुळे शनिवारी हजेरी सगळ्यात जास्त. परसबागेत भेंडी लावलीय आणि तो बियावाला पठ्ठ्या रोज सुट्टीत जाऊन माती उकरून बघतो की उगवलं का, त्याला आवरा. चौथीच्या मुलांची बालसभा झाली, त्यात ठराव असा की सरांनी फोन वर्गात घेऊ नये. सरांनी मान्य केलं पण ऑनलाइन माहिती भरायचा मेसेज आला की काय करणार, ते बाहेर व्हरांड्यात जाऊन भरतात आणि मुलं खिडकीतून मोजतात किती वेळ लागला.

पुढची बैठक महिन्याच्या शेवटच्या शनिवारी संध्याकाळी सहाला, शाळेतच. विषय आधारचे राहिलेले चार, डाळ, मावशींचं मानधन. लहान पोरं बरोबर आणली तरी चालतील, बाई त्यांना चित्रं काढायला बसवणार आहेत. मिस्टर लोकांनी यायचं असेल तर पोरं सांभाळायला मदत लागेलच.