आमची वाटचाल : जॉबवर्कच्या चलनांपासून खुल्या कोडपर्यंत

बेळगावात टिळकवाडीतल्या एका खोलीत आम्ही सुरुवात केली ती उद्यमबागेतल्या कारखान्यांच्या कामानं. जॉबवर्कला, म्हणजे बाहेरच्या कारखान्याकडं काम करून घ्यायला, किती माल गेला, किती परत आला, सोबतचं चलन (मालाची पावती) कुठलं, याचा हिशेब ठेवणारं सॉफ्टवेअर. २०१७च्या जुलैत जीएसटी लागू झाला आणि खानापूर, निपाणीचे दुकानदारही यायला लागले. बिल मराठीत हवं आणि कन्नडमध्येही.

दुसऱ्याचा कोड घ्यायचा तो त्याचं लायसन्स, म्हणजे वापराच्या परवानगीच्या अटी, वाचूनच, हा आमचा पहिल्यापासूनचा नेम. नवीन लागलेल्या मुलांना आधी हेच शिकवतो. नेटवर कोड उघडा दिसला म्हणून तो सार्वजनिक, म्हणजे कुणाचाच हक्क नसलेला, होत नाही. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्रॅम साहित्यकृतीत मोडतो. हक्क लिहिणाऱ्याच्या हयातीत आणि निधनानंतर ६० वर्षं राहतो. लायसन्स लावलेलंच नसेल, तर परवानगीही नाही.

आमचा सगळा डेटा एसक्यूलाइटमध्ये असतो. २००० साली आलेला हा डेटाबेस रिचर्ड हिप यांनी खरोखरच सार्वजनिक करून टाकलाय. त्याच्या कोडची फाईल उघडली, की कॉपीराइटच्या सूचनेच्या जागी चक्क आशीर्वाद दिसतो : तुमच्या हातून चांगलं घडो, मोकळ्या हातानं वाटा, देता त्याहून जास्त घेऊ नका. तरीही ज्या कंपन्यांना कागद हवाच असतो, त्यांना हिप यांची कंपनी पैसे घेऊन वापराच्या हक्काचं हमीपत्र देते.

‘पैसे मोजले, म्हणजे सॉफ्टवेअर आमचंच ना?’ असं पुष्कळ मालक विचारतात. डेटा तुमचा, वापरायचा हक्क तुमचा, कोड आमचा. कोडचा हक्कही हवा असेल तर लेखी करार लागतो, आणि त्यात मुदत घातली नाही तर कायदा ती ५ वर्षंच धरतो. हे आम्ही कोटेशन देतानाच सांगतो.

बिलावरची रक्कम मराठी आणि कन्नड अक्षरांत लिहिणारा आमचा कोड नुकताच सगळ्यांना खुला केला. एकोणसत्तर, अठ्ठ्याऐंशी, त्र्याण्णव... शंभरपर्यंतचे मराठी शब्द कुठल्याच सूत्रात बसत नाहीत, एकेक हातानं भरले. त्यावरचा हक्क सोडूनच द्यावा असं मला फार वाटत होतं. पण कॉपीराइट कायद्याच्या कलम २१ प्रमाणे त्यासाठी कॉपीराइट रजिस्ट्रारला नोटीस किंवा जाहीर सूचना द्यावी लागते, आणि परदेशात बसून कोड वापरणाऱ्याला त्याचा अर्थ लागेलच असं नाही. म्हणून एमआयटी नावाचं खुलं लायसन्स लावलं. वापरा, बदला, विका; फक्त आमच्या नावाची सूचना आणि लायसन्सचा मजकूर सोबत ठेवा. कोल्हापूर-सांगलीकडं बिलिंगचं काम करणाऱ्यांनी जरूर घ्यावा, आणि एखादा आकडा चुकीचा उमटला तर आम्हाला कळवावं.