सायलेन्सर पुराण, अध्याय चौथा: आमरसाचा डबा कामी आला

मंडळी, आज संध्याकाळी गुहागरहून शृंगारतळीला जाऊन आलो आणि गाडी पॉवर टिलरसारखी वाजली नाही. दीड महिन्यात पहिल्यांदाच. घरी आल्यावर आधी गाडीखाली शिरलो, चहा नंतर.

मागचं वाचलेल्यांना आठवत असेल. माझी ९४ची मारुती ८००, कार्बोरेटरवाली, धोपाव्याला ओहोटीच्या वेळी फेरीबोटीत चढवताना खालून घासली. घाई माझीच. मधल्या पाइपाला, सायलेन्सरच्या मागच्या डब्याच्या वीतभर अलीकडे, करंगळी जाईल एवढं भोक. घासणं हे निमित्त, पत्रा आधीच पापड झाला होता. लिटरभर पेट्रोल जळलं की साधारण लिटरभर पाणी तयार होतं. लांबच्या रस्त्याला ते वाफ होऊन निघून जातं, पण माझी रोजची धाव बाजारापर्यंतची, दोन किलोमीटर. तेवढ्यात मागचा पाइप धड तापतही नाही. पाणी आत साचतं आणि बाहेरून खारा वारा आहेच.

पहिला प्रयोग पाण्याच्या टाकीला लावतात त्या पुटीचा. हसून घ्या. ती तापून मऊ पडली आणि कुठेतरी रस्त्यात गळली. दुसरा सायलेन्सर पेस्टचा. ही पेस्ट मुळात सोडियम सिलिकेटची. उष्णतेने दगड होते, पण पक्की होण्याआधी पाणी लागलं की विरघळते. मी रात्री लावली, इंजिन न तापवता सकाळी पावसात गाडी काढली. पुढचं सांगायला नको.

तिसऱ्या वेळी सगळं पुस्तकाप्रमाणे केलं. मागची चाकं फणसाच्या ओंडक्यांवर चढवली (नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नका, हे परत सांगतो). तारेच्या ब्रशने गंज काढून धातू उघडा केला. आमरसाचा ८५० ग्रॅमचा रिकामा डबा कापून त्याचा पत्रा चुलीत जाळून घेतला, म्हणजे आतला लॅकरचा लेप नंतर गाडीखाली धुरत नाही. भोकावर पेस्ट, वर काचतंतूची पट्टी, त्यावर पत्र्याचा दीड वेढा, दोन्ही टोकांना होज क्लिपा. पंधरा मिनिटं इंजिन आयडलवर, मग रात्रभर पडवीत. देखणं काम झालं होतं हो! चार दिवस टिकलं. पाचव्या दिवशी पेस्टला बरोबर त्याच जागी, पुढच्या क्लिपेच्या कडेने, चीर.

परत लावली, परत तिथेच चीर. मी पेस्टला दोष दिला, मग क्लिपांना. (क्लिपांबद्दल एक: चिपळूणच्या दुकानदाराने स्टेनलेस म्हणून दिल्या. पट्टी स्टेनलेस होती, स्क्रू नव्हता. आठ दिवसांत तांबडा. घेताना चुंबक खिशात ठेवा आणि आधी स्क्रूला लावा.)

परवा आमचा वेल्डिंगवाला मेस्त्री पंपाचं काम बघायला आला होता. जाता जाता खाली वाकला, टेलपाइप हाताने हलवायला गेला. हलेना.

"काका, ही तार कोणी बांधलीन?"

मीच. घासलं त्या दिवशी सायलेन्सरचा डबा टांगायचं रबर तुटलं होतं, म्हणून तात्पुरती चार पदरी बांधायची तार आवळली होती आणि विसरलो होतो. तुमच्यापैकी कोणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. इंजिन आपल्या माउंटिंगवर (रबरी बैठकीवर) डुलतं, अॅक्सिलरेटर दिला की जास्तच. त्याच्याबरोबर पाइपाने झोके घ्यायचे असतात, म्हणून तर रबर. मी मागचं टोक करकचून बांधलं आणि सगळा पीळ सगळ्यात कच्च्या जागेवर आणला. पेस्ट बिचारी तडकणार नाही तर काय करणार!

रबर ४० रुपयांचं. तार कापली, रबर चढवलं, तोच पत्रा नव्या पेस्टने बसवला. इंजिन चालू ठेवून पुतण्याला टेलपाइपवर ओलं गोणपाट क्षणभर दाबायला लावलं (आत दाब वाढला की गळती फुसफुसते) आणि मी खाली कान देऊन बसलो. फुसफुस नाही! हा आवाज ऐकू न येण्याचं सुख तुम्हालाच कळेल.

तरी काचा अजून चारही उघड्याच ठेवतो, उजवा हात भिजला तरी. भोक गाडीच्या तळाच्या पत्र्याखालीच आहे आणि तो पत्राही ९४चाच. धुराचा वास येतो तो इतर वायूंचा, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. वास नाही म्हणजे गळती नाही, असं धरू नका. पीयूसीच्या आकड्यावरही जाऊ नका. गळक्या जागेतून बाहेरची हवा आत ओढली गेली की आकडा उलट गोंडस दिसू शकतो.

पुढचा बेत असा होता की पासिंगच्या आधी मेस्त्रीकडून तेवढा तुकडा वेल्ड करून घ्यायचा. पण हे लिहायच्या आधी सहज सायलेन्सरच्या डब्याच्या पुढच्या कडेला स्क्रू ड्रायव्हर टोचला तर तो आत गेला. म्हणजे वेल्डिंगचा बेत बाद, एवढ्या पातळ पत्र्याला आर्क लावली की भोक मोठंच होणार. डबा नवाच घ्यावा लागणार. मग जुन्या पाइपाला तरी कशाला जपायचं? घरात नळाच्या जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या) पाइपाचा तुकडा पडलाय, पण जस्ताचा धूर छातीत जातो म्हणून मेस्त्री त्याला हात लावणार नाही, आणि बरोबरच आहे.

आत्ता सुचतंय: जिन्याच्या रेलिंगवाल्यांकडे स्टेनलेसच्या पाइपाचे उरलेले तुकडे किलोवर मिळतात. मधला सरळ भाग त्याचाच केला तर? वाकवायचाही प्रश्न नाही. कोणी लोखंडी पाइपाला असा जोड दिलाय का, आणि वेल्डिंगची कुठली रॉड वापरलीत, ते सांगा. बाहेरचा व्यास उद्या सकाळी मोजतो, आत्ता हात लावला तर अजून चटका बसतोय.