साडेनऊ सुतांची काच, चार सुतांची खाच : आमची वाटचाल

आमच्या कामाची सुरुवात पुण्यातल्या जुन्या सागवानी खिडक्या दुरुस्त करण्यापासून झाली, हे आम्ही अभिमानाने सांगतो. प्रभात रस्ता, भांडारकर रस्ता आणि कर्वे रस्त्याच्या आतल्या गल्ल्या या भागांतील कित्येक बंगल्यांच्या चौकटी ब्रह्मदेशी सागाच्या आहेत, आणि रंधा फिरला की त्या लाकडाचा तेलकट वास आजही कारखानाभर पसरतो. अशा खिडक्या उपटून भंगारात घाला आणि ॲल्युमिनियमच्या बसवा, असा सल्ला आमच्याच भागातला एक मोठा खिडकीवाला गिऱ्हाइकांना वर्षानुवर्षे देत आला आहे. जाड दुहेरी काच, आणि तीही आत ब्लाइंड्स म्हणजे आडव्या पात्यांचा पडदा असलेली, लाकडी झडपेत बसतच नाही, असे त्याचे म्हणणे. ते चुकीचे आहे हे दाखवून देताना आम्ही जवळजवळ बुडालो होतो, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

कर्वे रस्त्यावर मेट्रोचे खांब उभे राहू लागले, तेव्हा तिथल्या एका निवृत्त प्राध्यापकबाईंनी आम्हाला बोलावले. दिवसभर यंत्रांचा आवाज आणि धूळ इतकी, की पडदे दर आठवड्याला धुवावे लागत होते. काचेच्या आत बंद असलेल्या पात्यांवर धूळ बसत नाही, हे त्यांनी कुठेतरी वाचले होते. खिडक्या मात्र त्यांच्या वडिलांनी करून घेतलेल्या होत्या, त्यामुळे त्या काढण्याचा विषयच नको, असे त्यांनी पहिल्याच भेटीत बजावले.

आमचे मिस्त्री तेव्हा धंद्यात माझे निम्मे भागीदार होते. त्यांनी गुण्या लावून झडप मोजली. लाकडाची जाडी 35 मिमी, काचेची खाच जेमतेम चार सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). बसवायचे युनिट, म्हणजे कडेने हवाबंद केलेली दुहेरी काच, बाहेर 6 मिमी काच, मध्ये 20 मिमी पोकळी आणि आत 4 मिमी काच असे 30 मिमीचे, म्हणजे साडेनऊ सुतांचे. दोन्ही काचांची जाडी मुद्दाम वेगळी ठेवायची, कारण सारख्या काचा एकाच सुरात थरथरतात आणि तो सूर घरात उतरतो. मिस्त्री बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘‘खाच खोल करायला गेलो तर लाकूड उरत नाही. झडपच आतून जाड करू.’’ त्यांनी झडपेला आतून 25 मिमी जाडीची जुन्या सागाची पट्टी जोडली, सांधा डोळ्यांना दिसू नये म्हणून रेषांशी रेषा जुळवून, आणि कोपरे राऊटर (खाच पाडायचे यंत्र) न लावता पटाशीने काढले. दोन बाय चार फुटांच्या जुन्या 4 मिमी काचेचे वजन साडेसात किलो भरत असे. नवे युनिट साडेअठरा किलोंचे, म्हणून दोनऐवजी तीन बिजागऱ्या लावल्या. चौकटीचे गज तसेच ठेवून पात्या फिरवणारी आतली चुंबकाची सरकती खुंटी गजांमधून हात घालून खालीवर करता येईल, अशी बेतली. 6 मार्च 2022 रोजी वनाज ते गरवारे महाविद्यालय ही मेट्रो धावू लागली, तेव्हा बाईंनी खिडक्या लावून घेऊन आम्हाला चहाला बोलावले होते.

त्यानंतर अलिबागच्या एका बंगल्याचे 22 युनिटांचे काम मिळाले, आणि तिथे आमची चूक झाली. पाऊस तोंडावर आला होता, प्रत्येक झडपेला पट्टी जोडायला दोन दिवस लागत होते, म्हणून पोकळी 20 ऐवजी 16 मिमीची घेऊन मी पट्टीचे काम वाचवले. मिस्त्रींनी विरोध केला होता, पण मी ऐकले नाही. युनिटे पुण्यात, भर मे महिन्यात सील झाली. जुलैमध्ये मालकांचा फोन आला, की पात्या मध्यावर काचेला घासून अडकतात. काच बनवणाऱ्याकडे तक्रार केली, तर तो म्हणाला की तुमची चौकट पिळलेली असेल. एक युनिट काढून पुण्याला नेले. त्याच्या कारखान्यात पात्या लोण्यासारख्या फिरल्या, आणि दोष आमच्या बसवण्याचा आहे, असे त्याने लिहून दिले. तो कागद मालकांच्या हाती पडला, उरलेले पैसे थांबले, आणि त्याच आठवड्यात आमचा स्पर्धक ॲल्युमिनियमचा दर घेऊन त्या बंगल्यावर हजर झाला.

ते युनिट टेम्पोत घालून आम्ही दोघे पुन्हा अलिबागला निघालो. खंडाळ्याला चहासाठी थांबलो असताना मिस्त्रींनी गोणपाट बाजूला करून चुंबक सरकवला, पात्या मोकळ्या होत्या. घाट उतरून खोपोलीला पुन्हा पाहिले, तर मधल्या पात्या खरडत होत्या. मी पोलादी पट्टी काचेवर आडवी धरली, तेव्हा पट्टीच्या मध्याखाली उजेडाची बारीक फट दिसली. काच आत दबली होती. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे 560 मीटर उंचावर आहे आणि तिथे हवेचा दाब किनाऱ्यापेक्षा सुमारे 6 टक्के कमी असतो. तिथे कोंडलेली विरळ, शिवाय मे महिन्यात तापलेली हवा समुद्रकाठच्या पावसाळ्यात आकसते आणि दोन्ही काचा आत ओढल्या जातात. 16 मिमीच्या पोकळीत पात्यांना तेवढी मोकळीक नव्हती.

आम्ही टेम्पो विकला आणि सगळी 22 युनिटे स्वखर्चाने बदलली. या वेळी 20 मिमीची पोकळी घेतली आणि प्रत्येक युनिटाच्या स्पेसरमध्ये, म्हणजे दोन काचांत अंतर राखणाऱ्या कडेच्या पट्टीत, केसासारखी पोलादी नळी ठेवून घेतली. अलिबागला युनिटे दोन दिवस सावलीत ठेवून दाब सारखा झाल्यावर ती नळी चेपून ब्युटाइल या रबरासारख्या चिकट लेपाने बंद केली. झडपांना पट्ट्या जोडल्या, त्या सर्व मिस्त्रींच्या हातच्या.

या धंद्यात नव्याने येणाऱ्यांनी युनिट मागवण्याआधी ते कोणत्या गावी सील होणार आणि कोणत्या गावी बसणार, हे विचारून घ्यावे. खाचेत जवसाच्या तेलाचे लुकण कधीही भरू नये. ते युनिटाच्या कडेचे सील खाते. आंबट वासाचे सिलिकॉनही टाळावे, न्यूट्रल, म्हणजे आम्ल न सोडणारे, मागावे. काच लाकडावर टेकवू नये, दोन्ही टोकांपासून पाव अंतरावर ठोकळे द्यावेत आणि खालच्या खाचेला पाणी निघून जायला भोके ठेवावीत, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात काचांच्या मध्ये बाष्प धरेल. झडप ओळंब्यात नसेल तर पात्या एका बाजूला कललेल्याच राहतात.

प्राध्यापकबाईंनी पुढे आपल्या भावाचे, भाचीचे आणि शेजारच्या दोन बंगल्यांचे काम आम्हाला मिळवून दिले. अडचणीच्या त्या महिन्यांत न मागता आगाऊ रक्कम पाठवणाऱ्या त्या एकट्याच होत्या. मिस्त्री आता कामावर येत नाहीत, पण खाचेचा त्यांचा रंधा अजून आमच्याकडे आहे आणि त्याचे पाते मी स्वतः लावतो. काच बनवणाऱ्याने तो कागद आजपर्यंत मागे घेतलेला नाही, आणि त्या 22 युनिटांचा एक रुपयाही आम्हाला परत मिळालेला नाही.