हेराती लघुचित्र आणि गोव्याची दमट हवा

हेराती पद्धतीच्या लघुचित्रात आधी जपायचा तो कागद, आणि गोव्यात आधी बिघडतो तोही कागदच. ही कला पंधराव्या शतकाच्या अखेरीस चित्रकार कमालुद्दीन बिहजादच्या हाती बहरली ती अफगाणिस्तानातल्या हेरातच्या कोरड्या हवेत. आपल्याकडे जून ते सप्टेंबर आर्द्रता अनेकदा ८५ टक्क्यांच्या वर असते. त्यामुळे रीत तीच ठेवून कामाचा वेग आणि मापे बदलावी लागतात.

हातकागदाला खळ द्यायची, तिला फारसीत आहार म्हणतात. मीठ न घातलेल्या पेजेची गाळलेली निवळ छान चालते. दोन हात द्या, पण पहिला पूर्ण वाळल्यावरच दुसरा. मग कागद फळीवर पसरून अकीक या गुळगुळीत दगडाने घोटायचा. दगड न अडता सरकला पाहिजे. अडखळला तर आत ओल आहे, तिथेच थांबा. नाहीतर वरचा थर सोलवटतो आणि पुढे प्रत्येक बारीक रेषा तिथे फुटते. अंड्यातला पांढरा बलक आणि तुरटी यांचाही आहार करतात. त्यात तुरटी चिमूटभरच, कारण ती आम्लधर्मी असते आणि जास्त झाली की कागद कालांतराने कुरकुरीत होतो.

खरी मेहनत निळ्याची. लाजवर्द हा निळा दगड येतो अफगाणिस्तानातल्या बदख्शानमधून, सर-ए-संगच्या खाणींतून. त्या दगडात पांढरा कॅल्साइट आणि सोनेरी पायराइट मिसळलेले असते, म्हणून नुसता कुटून गाळला तर हाती राखाडी भुकटी लागते. ती शुद्ध करायला भुकटीइतक्याच वजनाचा गोळा लागतो: राळ दोन भाग, मस्तकी (एका झाडाचा चिकट राळेसारखा पदार्थ) एक भाग, मेण एक भाग. तो वितळवून भुकटी त्यात मिसळा आणि किमान तीन दिवस रोज मळा. मग राखेच्या कोमट निवळीत हाताने दाबत राहा. निळा कण पाण्यात उतरतो, माती-दगड मेणात अडकून राहतो. पहिल्या पाण्याचा निळा सर्वांत गडद, शेवटचा राखाडी. प्रत्येक पाणी वेगळ्या वाडग्यात ठेवा, सगळी एकत्र केली तर मेहनत वाया गेली. निवळी फार गरम असेल तर मेण सुटून रंगात येते. लिंबू किंवा व्हिनेगर जवळपासही नको: आम्लाने हा निळा विटतो आणि सडक्या अंड्यासारखा वास सुटतो.

रंग कालवायला एक भाग बाभळीचा डिंक दोन भाग पाण्यात रात्रभर भिजवून फडक्यातून गाळा. तिसऱ्यांच्या शिंपल्यात थोडाच रंग घ्या. डिंक कमी पडला तर वाळलेला रंग बोटाला लागतो, जास्त झाला तर चकाकतो आणि तडकतो. कोरड्या हवेत तडे जाऊ नयेत म्हणून त्यात मधाचा थेंब घालतात. पावसाळ्यात तो इथे घालू नये, कारण मध हवेतली ओल ओढतो, रंग दिवसेंदिवस चिकट राहतो आणि त्यावर बुरशी धरते.

ही रीत आपल्याला परकी मुळीच नाही. इराणचे चित्रकार, तबरीझचे मीर सय्यद अली आणि शिराझचे अब्दुस्समद, काबूलला हुमायूनकडे आले, तिथून दिल्लीला. मुघल चित्रकलेचा पाया त्यांनी घातला. काबूलच्या मुराद खानी या जुन्या वस्तीत टर्क्वॉइज माउंटन या २००६ साली स्थापन झालेल्या संस्थेने सुलेखनाबरोबर लघुचित्रही शिकवले. उस्तादाच्या शेजारी बसून रेष गिरवणे हाच माझ्या मते या कलेचा योग्य धडा आहे. पुस्तकातून रंग शिकता येतो, कुंचल्यावरचा दाब शिकता येत नाही.

सोने शेवटी. वर्ख मधात बोटाने खलून बारीक करा आणि तीन-चार पाण्यांनी मध पूर्ण धुऊन काढा. खाली बसलेल्या सोन्यात अगदी पातळ डिंक घालून लावा. घोटायला मात्र घाई नको. इथे पावसाळ्यात निदान एक अख्खा दिवस थांबा, मग वर पातळ कागद ठेवून हलकेच अकीक फिरवा. ओल राहिली असेल तर सोने कागद सोडून दगडालाच चिकटते.